राखणदाराच्या पोटावर

लेलेबाईची एक खोड मला पहिल्या दिवसापासून खटकली. तिला काही विचारलं की ती आधी माझ्याकडे बघायची, मग खाली दगडाकडे बघायची आणि म्हणायची, "सांगता येत नाही, काकी." चहात साखर किती घालू, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार असे. बाकी तिला काहीच सांगता येत नसे.

त्या दिवशी आम्ही दोघी सड्यावर होतो. सडा म्हणजे आमच्या तळेकोंडाच्या डोक्यावरचं माळरान. माळरान तरी कसलं, नुसता काळा कातळ. झाड नाही, सावली नाही, माघ सरला की पाय ठेवला तर चटका. त्याच्या मध्यावर आमचा राखणदार आहे. उभा नाही, आडवा. कातळातच खोदलेला, माणसाएवढा. हात पसरलेले, गुडघे दुमडून दोन्हीकडे फाकलेले, डोक्याच्या जागी नुसतं एक वाटोळं. आजूबाजूला मासे आहेत, हत्तीसारखं काहीतरी आहे, आणि कुणालाच न कळणाऱ्या चौकटी आहेत. लेलेबाई या सगळ्याचा अभ्यास करायला पुण्याहून आली होती. शाळेच्या मास्तरांनी तिची राहायची सोय आमच्या घरी लावली होती. मला विचारून नाही, सांगून.

"कुणी खोदलाय हा?" मी विचारलं.

"सांगता येत नाही."

"कधी?"

"फार पूर्वी. हजारो वर्षं झाली असतील. नक्की कधी ते..."

"सांगता येत नाय. बरं, कशासाठी खोदला?"

ती दगडाकडे बघायला लागली.

"बाय, तुला पुण्याला यासाठी कोण पोसतंय?"

"विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळते, काकी."

"मिळू दे. पण आधी चपला काढ. देवाच्या पायाशी उभी आहेस."

तिने चपला काढल्या. कातळ तापला होता. ती या पायावरून त्या पायावर नाचायला लागली, पण चपला परत घातल्या नाहीत. ते मला आवडलं. तिला दाखवलं नाही. मला आवडलेलं लगेच दाखवलं की माणसं डोक्यावर बसतात.

मग तिने राखणदाराच्या पोटाकडे बोट केलं. तिथे उखळाएवढा खळगा आहे. "हा खळगा कशाने पडला?"

आता मात्र उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते मी मान ताठ करून दिलं. "तो आमचा मान."

आमच्या गावात शिमग्याला देवीची पालखी सड्यावर येते. गुरव राखणदाराला गाऱ्हाणं घालतो. मग पहिला नारळ फुटतो तो तोरस्करांचा, म्हणजे आमचा. राखणदाराच्या पोटावर आपटून फोडायचा. दुसरा मांडवकरांचा, मग बाकीचं गाव. कधीपासून, ते कुणाला ठाऊक नाही. खळगा बघायचा आणि समजायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला घर दाखवलं, विहीर दाखवली आणि सड्यावर नेऊन हा खळगा दाखवला. म्हणाले, "सूनबाई, गावात कुणी तोंड वर करून बोललं तर त्याला सांगा, जाऊन त्यात हात घाल." मांडवकरांच्या आजोबांनी एकदा या नारळासाठी आम्हाला कोर्टात खेचलं होतं. तिथेही खळगाच जिंकला.

मानाचं एक असतं. तो एका घराने सोडला की त्याच दिवशी दुसऱ्या घरात जातो, आणि गेलेला परत येत नाही.

माझे मालक लेलेबाई यायच्या आधीच वारले होते. विधवेने मानाच्या नारळाला हात लावायचा नाही, तो धाकट्या दिरांनी, सदाभाऊजींनी फोडायचा. भाऊजींनी लग्न केलं नाही. मुलगी बघायला गेले की तिथल्या चहाला नावं ठेवून परत येत. माझा मुलगा उल्हास मुंबईला, त्याचंही अजून व्हायचं होतं. म्हणजे घरात मी आणि भाऊजी. नारळ कुठल्या माडाचा घ्यायचा, शेंडी केवढी ठेवायची, भाऊजींनी कुठलं धोतर नेसायचं, हे मीच ठरवायची. भाऊजींनी फक्त हात वर न्यायचा आणि खाली आणायचा.

हे सगळं मी लेलेबाईला सांगितलं. तिला वाटलं पाहिजे होतं की आपण कुठल्या घरात उतरलोय. ती कातळावर पालथी पडली आणि खळग्यात डोकं घालून बसली. मग तिने कडेची सुकी गवताची काडी तोडली आणि खळग्याच्या काठाला लावली. काडी आत गेली. आणखी आत गेली. जवळजवळ सगळी गेली.

"काकी, इथे भेग आहे. वरचा काळा थर कठीण आहे, पण इथे तो फुटलाय. आत लाल मऊ दगड आहे. पावसाचं पाणी इथून आत जातं, आणि दर वर्षी वर नारळ. एखाद्या शिमग्याला हा काठ उचकटेल. मग पोट जाईल, मग कंबर."

"मग?"

"नारळ थांबवायला हवा."

एवढे दिवस हिला एक गोष्ट सांगता येत नव्हती, आणि सांगायला लागली ती ही.

"उठ," मी म्हटलं, "पदराला लाल माती लागेल."

तिने सलवार घातली होती. पण मला दुसरं काही सुचलं नाही.

घरी आल्यावर मी ते पडवीत भाऊजींच्या कानावर घातलं. भाऊजी विडी विझवून म्हणाले, "वैनी, आपण नाय फोडला तर बाळकृष्ण मांडवकर फोडणार. तो वाटच बघतोय. मग दगडही जाईल आणि मानही."

इतक्या वर्षांत भाऊजी पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलले होते. मी लेलेबाईकडे बघितलं. "ऐकलंस? तुझ्या दगडाचं भलं करायला गेले तर दगड वाचत नाय आणि माझं घर तेवढं बुडतं."

"दोन्ही घरांनी थांबवलं तर?"

"बाळकृष्ण थांबेल? त्याचा आजा कोर्टात हरून मेला."

तिने वही मिटली. जेवताना आमटी मात्र दोनदा घेतली.

मी भाकरी द्यायच्या निमित्ताने परत सड्यावर गेले. निमित्तच म्हणायचं, कारण ती सकाळी डबा घेऊनच निघायची. तिने राखणदाराच्या अंगावर दोऱ्या ताणून चौकोन पाडले होते आणि एकेका चौकोनात बघून कागदावर काढत होती. कपाळाला घाम, हाताला माती, केस कातळावर लोळतायत. पुण्याच्या मुलीला केस बांधायला शिकवत नाहीत काय, कोण जाणे.

"झालं, काकी. बघा," म्हणून तिने कागद उचलला आणि माझ्यासमोर उभा धरला.

मी राखणदाराला जन्मभर पायाकडून बघितला होता. देवाला तसंच बघायचं असतं. पायाकडून बघितलं की गुडघे, खळगा आणि लांब कुठेतरी डोकं. कागदावर तो अख्खा माझ्यासमोर उभा राहिला आणि मी भाकरीचं फडकं हातात तसंच धरून राहिले.

उल्हासच्या वेळी सुईणीने मला अशीच धरली होती. गुडघे असे, हात असे. मागून एक बाई खांदे धरून.

"ही बाई आहे," मी म्हटलं.

"असू शकेल. अशा आकृत्यांना काही अभ्यासक बाळंत होणारी स्त्री म्हणतात."

"असू शकेल काय? आहेच."

"काहीजण बेडूक म्हणतात."

"बेडूक?"

"बेडकाचेही पाय असेच असतात ना."

"बाय, बेडकाला पालखी कोण आणील?"

ती हसली. मी हसले नाही. मी त्या खळग्याकडे बघत होते. आमचे सासरे, त्यांचे वडील, त्यांचे वडील, सगळे धोतर खोचून, दात-ओठ खाऊन तिथे नारळ आपटत आलेले. आणि मी चांगल्या शेंडीचा नारळ निवडून देत आलेली.

"तू गावाला सांग," मी म्हटलं. "देवळात बैठक आहे शिमग्याची. तिथे उभी राहून सांग, की ही बाळंत होणारी बाई आहे. मग मांडवकर काय, त्याचा बापही पोटावर नारळ मारणार नाय. दगड वाचेल, आणि फोडायचा कुणालाच नसला की मान कुणाकडे जाणारही नाय. जागेवर राहील."

"मला खात्री नाही, काकी."

"मला आहे."

"तुमच्यासाठी सकाळपर्यंत तो बाप्या होता."

असं तोंडावर बोलणारी बाई आमच्या गावात मी एकटी. दुसरीचं ऐकायची मला सवय नव्हती.

"खात्री कशाने होईल तुझी?"

"एका गोष्टीवरून झाली असती," ती दोऱ्या गुंडाळत म्हणाली. "ती आता बघता येत नाही."

"का नाय येत?"

"जाऊ दे, काकी. भाकरी द्या."

देवळात बैठक झाली. बायका एका बाजूला खांबांना टेकून, बाप्ये मध्ये. बाळकृष्ण मांडवकराला सगळी खबर आधीच लागली होती. हा माणूस बोलतो फार गोड. त्याच्याशी बोलून घरी आलं की आपलं काय गेलं ते तपासावं लागतं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या. आमच्या नारळाला तुमचा विरोध आहे म्हणतात."

"विरोध नाही. दगडाला भेग आहे. नारळ बाजूच्या कातळावर फोडला तर बरं, एवढंच."

"म्हणजे आमच्या राखणदाराला नारळ सोसत नाय?"

लोक हसले.

"कुणीतरी म्हणे, तो राखणदारच नाय. बाई आहे." असं म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, हे मी बघितलं. "तुम्ही सांगा. शास्त्राप्रमाणे बाई की बाप्या?"

लेलेबाई आधी त्याच्याकडे बघायला लागली, मग खाली. मला कळलं आता काय येतंय. मी खांबापासून पुढे झाले. बैठकीत विधवांनी बोलायचं नसतं, पण मला नको म्हणायचं धाडस बाळकृष्णच्या आजालाही झालं नव्हतं.

"बाय, सांग की. बाई आहे म्हणून सांग. घाबरतेस कशाला?"

"काकी, मला तसं सांगता येणार नाही."

आता लोक चांगलेच हसले. मागून कुणीतरी म्हणालं, पुण्याहून इथवर येऊन हेच कळायचं होतं तर पत्र टाकायचं होतं.

"का नाय सांगता येणार?" मी ओरडले. मला ओरडायचं नव्हतं.

ती उभी राहिली. "कारण पोटात मूल कोरलेलं असतं, तर मी नक्की सांगितलं असतं. दुसरीकडे तशी चित्रं आहेत. इथे ते होतं की नव्हतं, हे आता कुणालाच कळणार नाही. तिथे खळगा आहे."

हसणं थांबलं.

खळगा कुणाचा, हे तळेकोंडात कुणाला विचारावं लागत नाही. सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. कोर्टात ज्याच्या जोरावर आम्ही जिंकलो, ज्यात हात घालायला मी येणाऱ्याजाणाऱ्याला पाठवत होते, तो खळगा. मी पदर सारखा केला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"म्हणजे शास्त्राचा पुरावा तोरस्करांनीच फोडून खाल्ला म्हणायचा," बाळकृष्ण म्हणाला, "खोबऱ्याबरोबर."

मग ठरलं, की रीत आहे तशी चालेल. पहिला तोरस्करांचा, दुसरा मांडवकरांचा. ज्याला नको त्याने सोडावा.

घरी येऊन मी लेलेबाईचं ताट वाढलं आणि पाटावर न ठेवता जमिनीवर ठेवलं. ती जेवायला बसली नाही.

"एक शब्द होता," मी म्हटलं. "बाई. एवढा एक शब्द तुझ्या तोंडातून आला असता तर तुझा दगड वाचला असता आणि माझी अब्रूही."

"खोटा ठरला असता तर?"

"कोण ठरवणार होतं? तूच म्हणालीस ना, आता कुणालाच कळणार नाय?"

"म्हणूनच."

"माझ्यासाठी म्हणायचंस."

तिने मान हलवली. "तुमच्यासाठीसुद्धा नाही, काकी."

मी आत गेले. ज्या मुलीला मी माझ्या चुलीशी बसवून जेवू घालत होते, ती मला असं म्हणाली. त्यानंतर शिमग्यापर्यंत आमचं बोलणं भाजी आणि अंघोळीचं पाणी, एवढंच झालं.

शिमग्याच्या दिवशी मी सड्यावर गेले. मालक गेल्यापासून जात नव्हते, घरातूनच ढोल ऐकायचे. भाऊजींना वाटलं नारळावर लक्ष ठेवायला चालले. मलाही तसंच वाटत होतं. नारळ मी आदल्या दिवशीच काढून ठेवला होता, घरामागच्या माडाचा, चांगला पाणीदार.

पालखी आली, नाचली, राखणदाराच्या उशाशी टेकली. बायकांचा घोळका एका बाजूला. त्यात बाळकृष्णची बायको शेवंती, नवी नथ घालून. लेलेबाई सगळ्यांच्या मागे, अनवाणी, गळ्यात कॅमेरा, पण तो तिने वर उचलला नव्हता. भिवा गुरवाने गाऱ्हाणं घातलं. भिवा तेव्हाच म्हातारा होता, त्याचा आवाज मात्र कधी म्हातारा झाला नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सड्याचा तू धनी. ह्या तुझ्या लेकरांच्या गुराढोरांवर, पोराबाळांवर..."

"व्हय म्हाराजा!"

"जी काय चूकभूल झाली असंल, कळत झाली असंल, न कळत झाली असंल, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भाऊजी पुढे झाले. धोतर मी सांगितलेलंच नेसले होते. त्यांनी नारळ डोक्यावर नेला. मी राखणदाराच्या पायाशी उभी होते, नेहमीच्या जागी. पण आता मला तो पायाकडून दिसेना. तो कागद समोर यायचा. गुडघे, हात, आणि वरून येणारा माझ्या माडाचा नारळ.

"भाऊजी, थांबा."

ढोलवाल्याची टिपरी तशीच वर राहिली. भाऊजींचे हातही.

"वैनी, आता काय?"

"बाजूला व्हा जरा." मी पुढे गेले. "ऐका सगळे. त्या पुण्याच्या बाईला ठाऊक नाय हा बाई की बाप्या. ती तुमच्यासमोर बोलली. तुम्ही हसलात. मलाही ठाऊक नाय. भिवा, तुला आहे?"

भिवाने नाही म्हणून मान हलवली.

"मग इथे कुणाला आहे? ही पोटुशी बाई नाय, असं देवीच्या पालखीवर हात ठेवून कोण सांगतो? ज्याला सांगता येईल त्याने पुढे यावं, पालखीला हात लावावा आणि हिच्या पोटावर नारळ फोडावा. पहिला. आमचा मान त्याला दिला."

भाऊजींच्या तोंडाचा आ झाला. बाळकृष्ण मांडवकर पुढे आला. येणारच होता. तीन पिढ्या ज्याची वाट बघितली ते एवढं स्वस्तात मिळत होतं. तो पालखीपर्यंत गेला. हात उचलला.

"अहो," शेवंती घोळक्यातून म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "घरात सुनेला दिवस गेलेत."

बाळकृष्ण तसाच उभा राहिला. त्याने राखणदाराकडे बघितलं. मग गुडघ्यांकडे. आधी कधी बघितले नसावेत. मग हात खाली घेतला आणि धोतराला पुसला, ओला नव्हता तरी.

"मग काय करायचं?" तो चिडून म्हणाला. "देवाला उपाशी ठेवून खाली जायचं?"

भिवा गुरव डोकं खाजवत होता. "बाई असंल तर ओटी भरावी," तो म्हणाला. "आणि बाप्या असला, तरी ओटीनं कुणाची हाडं मोडत नायत."

बायकांत खसखस पिकली. पण बाळकृष्ण हसत नव्हता. त्याला काहीतरी सुचलं होतं. मला ते त्याच्या आधी सुचलं होतं.

"ओटी भरायची तर सवाष्ण लागेल," तो हळू म्हणाला. "पहिला मान तोरस्करांचा. तोरस्करांची सवाष्ण कोण?"

सासूबाई गेल्या. मी अशी. भाऊजी बिनलग्नाचे. उल्हासची बायको अजून कुठल्या तरी गावात केस विंचरत असेल.

"मान रिकामा राहत नाय," बाळकृष्ण म्हणाला. "ज्यांच्याकडे सवाष्ण नाय, त्यांच्यानंतरचं घर. गुरवानं सांगावं, रीत आहे की नाय?"

"रीत हाय," भिवा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "वैनी, तुम्हीच बोला. पालखी ताटकळलीय. नारळ का ओटी?"

"वैनी, नको," भाऊजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नाच्या मुली हातच्या गेल्या तेव्हा कधी आलं नव्हतं. "मी फोडतो. हळू फोडतो. एवढ्यानं काय होतंय दगडाला?"

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. सड्यावर सावली नसते म्हणून बरं, नाहीतर मी बसले असते.

"ओटी," मी म्हटलं. "शेवंती, पुढे हो."

तयारी कुणाची नव्हती. तांदूळ पालखीतल्या ताटातले घेतले, खण देवीच्या ओटीतला, नारळ मांडवकरांचा. शेवंतीने हळद-कुंकू वाहिलं, खण पसरला, आणि नारळ कुठे ठेवायचा ते तिला कळेना. कातळ सपाट, नारळ घरंगळायचा. शेवटी तिने तो खळग्यात ठेवला. शेंडी वर करून. पोटात अगदी बरोबर बसला.

बायकांतलं कुजबुजणं बंद झालं. भिवाने हात जोडले. ढोल वाजायला लागला तोही जरा वेळाने.

तेव्हापासून पहिली ओटी मांडवकरांची. उल्हासचं लग्न पुढच्याच वर्षी झालं, पण माझी सून दुसरी भरते. आता तिथे लोखंडी कठडा आहे आणि पाटी आहे. पाटीवर नुसतं "मानवाकृती" लिहिलंय, त्याच्यापुढे काही नाही. लोक लांबून बघायला येतात, वाचतात आणि विचारतात, म्हणजे काय? काठ अजून उचकटलेला नाही. भाऊजींनी त्या संध्याकाळी आमचा न फोडलेला नारळ घरी आणून देवाच्या कोपऱ्यात ठेवला आणि जेवले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी फोडून त्याची सोलकढी केली. नारळ चांगला होता, टाकायचा कशाला?

पण त्या दिवशी पालखी उतरून गेल्यावर मी सड्यावरच राहिले होते. लगेच गावातून चालत जाण्याची माझी छाती नव्हती. लेलेबाई माझ्याजवळ येऊन बसली. आधी ती हसत होती. दगड वाचला म्हणून तिला वाटलं मीही खूश असेन. मग माझं तोंड बघून तिचं हसणं गेलं. बाळकृष्ण काय बोलला होता, त्याचा अर्थ तिला आता लागला असावा.

"काकी, तुमचा मान गेला."

"दिसतंय मला."

"मी बाप्या म्हणाले असते तर राहिला असता."

"राहिला असता. दगड फुटेपर्यंत."

"आणि मी तेव्हाच बाई म्हणाले असते तर?"

"तर बाळकृष्णानं सवाष्ण तेव्हाच मागितली असती. तेवढी अक्कल त्याला आहे. मला तेव्हा नव्हती."

ती बराच वेळ कातळावर नखाने रेघा ओढत राहिली.

"तुम्ही माझ्यावर रागावलाय."

"रागावलेयच. आणखी बरीच वर्षं रागावणार आहे. त्यात तू पडू नको."

"मग मी उद्या जाऊ? मास्तर दुसरीकडे सोय करतील."

मी तिच्याकडे नीट बघितलं. नाक उन्हाने सोललं होतं, पाय भाजून लाल झाले होते, आणि केस अजून मोकळेच.

"इकडे ये, पाठ कर," मी म्हटलं आणि तिचे केस हातात घेऊन वेणी घालायला लागले. जरा ओढूनच घातली. "आता ऐक. परत बोलणार नाय. मी मागितलं म्हणून त्या दिवशी देवळात तू खोटं बोलली असतीस, तर तुला रात्रीच्या रात्री घराबाहेर काढली नसती, पण माझ्या चुलीशी बसायला परत बोलावलीही नसती. तू कुठे जाणार नायस. काम संपेपर्यंत माझ्याच घरी राहायचंस. आणि मी हट्टी बाई आहे, मी परत मागेन. मागायचं काम माझं. तू द्यायचं नाय."